दोन खोल्यांमधल्या वसुधाताई

वसुधाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी लंडनजवळ स्लाऊला ऑफिसात होते. मीटिंग अर्धवट टाकून कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत राहिले. काही आठवडे उलटले, तरी अजून एका जागी बसवत नाही...

त्या वकील, पण भांडणं कोर्टाबाहेर मिटवणाऱ्या. मीडिएटर. निखिल आणि मी वेगळे झालो तेव्हा त्याला ग्लासगोला नोकरी लागली होती आणि सात वर्षांच्या इराला तो सोबत नेणार म्हणत होता. मी कोर्टात जायच्या तयारीत होते. माझ्या सॉलिसिटरने आधी ताईंकडे पाठवलं. आम्ही समोरासमोर बसायला तयार नव्हतो, म्हणून त्यांनी आम्हाला दोन खोल्यांत बसवलं आणि स्वतः इकडून तिकडे निरोप नेत राहिल्या.

"तुम्हीच सांगा ना त्याला, पोरीला आईपासून तोडू नकोस म्हणून!" मी चिडून म्हणाले.

"मी इथे कुणाचीच वकील नाही गं. कोर्ट निकाल देईल. पण इराच्या वाढदिवसाला तुमच्यापैकी कोण कुणाला दार उघडणार, ते कोर्ट नाही सांगणार."

मला त्यांचा रागच आला. ह्या बाईला मूलबाळ आहे की नाही, असंही मनात येऊन गेलं. दुपारी त्या पुन्हा आल्या, पण आत न येता दारातच थांबल्या.

"निखिलने एक विचारायला सांगितलंय. त्याला इराची वेणी घालता येत नाही. तू शिकवशील का? उत्तर मी नेऊ, की तू जातेस?"

 मी उठले आणि पलीकडच्या खोलीत गेले. निखिल रडत होता.

इरा माझ्याकडे लंडनमध्ये पिनरला राहिली, सुट्ट्या ग्लासगोला. पुढेही काही अडलं की मी ताईंनाच फोन करायचे. ताईंच्या अंत्यविधीला निखिल आला, तेव्हा आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो.

आणि गेल्या आठवड्यात इरा, आता पंधराची, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मला शाळेची शेवटची दोन वर्षं डॅडकडे राहायचं आहे."

 ताईंना फोन लावावा म्हणून मोबाइल उचलला, आणि मग आठवलं... 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"का गं?" एवढंच विचारलं, आणि ती बोलत असेपर्यंत उठले नाही.