दोन शब्दांचं बाळंतपण

दादा जहाजावर खलाशी होता. चार वर्षं त्याने फिलिपिनो लोकांबरोबर काढली आणि पाचव्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाची बहीण लग्न करून अंधेरीच्या आमच्या चाळीत आणली. दोन महिने राहिला, आणि तिला दिवस गेलेत हे कळेपर्यंत हा परत समुद्रावर. घरात उरलो आम्ही चौघं. बाबा सकाळी सातलाच मरोळच्या कारखान्यात जायचे. मग आई, बारावी होऊन टायपिंगच्या क्लासला जाणारी मी, आणि वहिनी. तिला मराठीतलं 'हो', 'नको' आणि 'बस' एवढंच यायचं. इंग्रजी तिचं चांगलं होतं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणजे वाचायला बरं, बोलायला वाट लागलेली.

समोर कुणी दिवसभर गप्प बसलेलं मला सहन होत नाही. म्हणून मीच तिची भाषा शिकायला घेतली. तगालोग त्या भाषेचं नाव. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी शब्द देवनागरीत उतरवून घ्यायचे. शिकवणी चालायची स्टोव्हपाशी, त्यामुळे शब्दही तिथलेच. पाणी म्हणजे तुबिग, मीठ आसिन, मासा इस्दा. भात शेतात असतो तो पालाय, तांदूळ म्हणजे बिगास, आणि शिजला की कानिन. आमच्या कोकणात शेतातही भात आणि ताटातही भात. एका भाताला एवढी नावं ठेवणारी माणसं आपल्यातलीच असणार, असं मी आईला पटवत असायचे.

भाताच्या टोपाकडे बोट दाखवून "उतरवू?" असं मी खुणेने विचारलं, की वहिनी म्हणायची, "कोंती ना लांग." थोडंच राहिलंय. पुढे पोट वाढल्यावर जिना चढताना ती कठडा धरून उभी राहायची आणि स्वतःलाच सांगायची, "हिंगा, हिंगा." श्वास घे. तेही वहीत गेलं.

आई मात्र वहीच्या वाटेला गेली नाही. "ह्या वयात माका जमाचा नाय," म्हणायची. मला तिचा राग यायचा. वाटायचं, हिला सून पसंत नाही, म्हणून ही सोंगं. खरं तर तिला परक्याच्या पोरीच्या जबाबदारीची धास्ती होती. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सासूने पेढ्यांची वाट बघायची, बाकीचं सगळं पोरीच्या आईने निस्तरायचं. वहिनीचं माहेर समुद्रापार, आणि डॉक्टरीणबाईंनी विमानाला नाही म्हटलेलं. एकदा निवडायचे तांदूळ पुढ्यात तसेच ठेवून आई मला म्हणाली, "लोकाचा चेडू ता. काय कमी-जास्त झाला तर तिच्या आवशीक काय सांगू? आणि खंयच्या भाषेत सांगू?"

एका बुधवारी सकाळी मी बांगडे साफ करत असताना वहिनीला कळा सुरू झाल्या. रिक्षाने तिला प्रसूतिगृहात नेलं. निघताना वही मी पिशवीत टाकली होती. तिथल्या सिस्टरने फॉर्म भरताना विचारलं, "बरोबर कोण? आई?"

"सासू," आई म्हणाली आणि बाकड्याच्या टोकाला जाऊन बसली.

साडेबाराला डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "ही इंग्रजीला उत्तरच देत नाहीये आता. सारखी श्वास कोंडून धरते. बाळाला त्रास होईल अशाने. हिची भाषा कुणाला येते?"

"मला," मी पटकन उठले. चाळीस शब्द येत होते, त्यातले निम्मे जेवणाचे.

सिस्टरने मला अडवलं. "लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"मग बाहेर थांब. कुमारिकेला आत सोडत नाही आम्ही."

मी भांडले. शब्द काय लग्न झाल्यावर जास्त येतात का, असंही विचारलं. सिस्टर ढिम्म. तेवढ्यात आतून वहिनी ओरडली, "नानाय! नानाय को!"

"काय म्हणता ती?" आईने विचारलं.

"आईला हाक मारतेय गं."

आई उठली. पदर कमरेला खोचला. "काय बोलायचा ता सांग. बिगीन."

"मासाकित म्हणजे दुखतंय..."

"ता नको. दुखता ता माका कळता. दुसरा सांग."

मग मी दोनच दिले. हिंगा आणि कोंती ना लांग. हिंग लक्षात ठेव आणि कुंती लक्षात ठेव, म्हटलं. आई "हिंग, कुंती, हिंग, कुंती" पुटपुटत आत गेली आणि दार लागलं.

शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा तिचा आवाज आला. "हिंगा गो, हिंगा!" मग वहिनीचा एक लांब श्वास मला बाहेर ऐकू आला. त्यानंतर दोन तास आई तिला थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय असं सांगत राहिली. धडधडीत खोटं होतं ते. सिस्टर मध्येच बाहेर येऊन म्हणाली, "तुमची आई काय मंत्र म्हणते का गं?" मी हसले नाही. दारालाच कान लावून उभी होते.

पावणेतीनला बाळ रडलं. मुलगी. दोघी सुखरूप. मी त्याच सिस्टरच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आत सोडलं तेव्हा बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं. वहिनी टक्क जागी, दमून पांढरी पडलेली, एकदा बाळाकडे आणि एकदा दाराकडे बघत होती.

"निज, असा कसा म्हणतत?" आईने मला विचारलं.

मी वही सगळी उलटून पाहिली. शब्दच नव्हता. स्टोव्हपाशी कोण झोपतंय? "नाही गं माहीत," म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हवांदे," आई म्हणाली. बाळ तिने माझ्याकडे दिलं आणि वहिनीच्या केसांवरून हात फिरवला. "निज गो माझ्या बाय. मी आसंय हयसर."

हे आई मला ताप आला की म्हणायची. दुसऱ्या कुणाला म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, "हो," आणि तिने डोळे मिटले.