दाढेनं ऐकणारा जॉबर

त्या दिवशी दुकानात आमी चौघं हुतो. मी, माजी नात सुरेखा, आमचा जॉबर, आन् जॉबरची शेवटची दाढ. दाढेला मी माणसात धरते, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त काम तिनंच केलं. अख्ख्या सोलापुरात, मी तर म्हणते अख्ख्या दुनियेत, दाढेनं ऐकणारा माणूस एकच झाला, आन् तो आमच्या गल्लीच्या तोंडाला पिठाच्या गिरणीशेजारी बसतोय. मी सांगते तसं सुरेखा लिवून घेतीया. मला सहीपुरतंच येतं.

जॉबर म्हंजी कारखान्यात माग बिघडला की दुरुस्त करणारा. मी त्याच कारखान्यात तीस वर्षं कांड्या भरल्या. मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसती, ती भरून द्यायची, संपली की दुसरी. चादरीचे माग एकदम चालायला लागले की शेजारणीला तहान लागली हे सुदीक हातानं सांगायला लागायचं. आमी सगळे ओठ बघून बोलणं वळखायचो. जॉबरचे दोन्ही कान तिथंच गेले, लई लवकर गेले. पण मशिनीचं दुखणं त्याला बरोबर कळायचं. लांब पेचकस घ्यायचा, टोक मशिनीला टेकवायचं, मूठ दातात धरायची आन् डोळं मिटून उभं ऱ्हायचं. मग तोंडातनं पेचकस न काढताच बोलायचा, "अक्का, तुजी तिसरी चाती रडतीया." चाती म्हंजी कांडी भरताना गरागरा फिरती ती सळई. तेल घातलं की चाती गप. एकदा नव्या मुनिमाला वाटलं ह्याला फीट आली. त्यानं पळत जाऊन चप्पल आणून नाकाला लावली. जॉबरनं डोळं उघडलं, चप्पल बघितली आन् म्हणाला, "चप्पल बरी हाय, बेरिंग गेलंय."

पुढं कारखाना बंद पडला. माग वजनावर भंगारात गेले. माजा ल्योक त्याच्या आधीच गेला हुता, सून दुसरं घर करून गेली, सुरेखा माज्यापाशी राहिली. मी दोन घरची भांडी धरली. त्यातलं जास्त काय सांगायचं न्हाय. जॉबर मातर मालकाच्या हापिसातला काम्पुटर उघडून बसला. आतल्या डब्बीला पेचकस लावला, दातात धरला आन् लहान पोरागत हसला. म्हणाला, "अक्का, ह्यात पण चाती हाय की!" त्या डब्बीला डिस्क म्हणत्यात. आत चकती फिरती, मिनिटाला हजारांनी फेरे, आन् तिच्यावर एक बारीक हात हिंडून लिवल्यालं वाचतोय. माग मिनिटाला शंभर-सव्वाशे फटके मारायचा, त्यात आमची हाडं खिळखिळी झाली, आन् ही एवढीशी डब्बी हजारांनी फिरती. त्याला लई मान वाटला तिचा.

त्यानं दुकान टाकलं. पाटीवर लिवलं, 'फिरणारी वस्तू दुरुस्त होईल. न फिरणारी आणू नये.' पंखा घ्यायचा, मिक्सर घ्यायचा, लॅपटॉप घ्यायचा. मोबाईल आणला की पाटीकडं बोट दावायचा. एका मास्तरांनी नवा लॅपटॉप आणला, तसल्या डिस्कचा ज्यात काय फिरतच न्हाय. ह्यानं दात लावला, परत लावला, मग तोंड बारीक करून म्हणाला, "मास्तर, वाईट वाटून घिऊ नका, गेलंय ह्ये." लॅपटॉप चालूच हुता, त्यावर मास्तरांच्या पोरीच्या लग्नाचे फोटो एकामागनं एक येत हुते. तरी ह्यो मास्तरांच्या खांद्यावर हात ठिवून उभा.

गिऱ्हाइकाला कंपनी कधी इचारायचा न्हाय. "किती फेरे?" एवढंच इचारायचा. आन् कुणी 'मला पाचशे जीबी पायजे, हजार जीबी पायजे' म्हणत आलं की चिडायचा. "सगळे जीबी जीबी करत येत्यात. घर केवढं त्ये इचारत्यात, घरातलं माणूस चालतंय का त्ये कुणी इचारत न्हाय." एकेका गिऱ्हाइकाला चार-चार तास बसवायचा. रोज तमाखू, त्यानं दात एकेक करून गेले. पुढचे गेले तवा म्हणाला, "बारीक आवाज गेले." बाजूचे गेले तवा म्हणाला, "आता चोपन्नशे फेऱ्यांची कुठली आन् बहात्तरशेची कुठली, एवढंच कळतंय." शेवटाला डावीकडची एक दाढ राहिली. तो तिला दाढ म्हणतच नव्हता, कान म्हणायचा. घास सुदीक उजव्या हिरडीनं चावायचा.

आता माजी चूक सांगते.

सुरेखा चादरी-टॉवेलांची डिझाईनं काढती, लॅपटॉपवर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला सांगितलं, बारा डिझाईनं सोमवारी घिऊन ये, पसंत पडली तर कामावर ये. कारखाना बंद पडल्यावर आमच्या घरात पगाराचं माणूस तीच झाली असती. लॅपटॉप जुना, लई हळू. एक डिझाईन उघडंस्तवर माजी भाकरी थापून व्हायची. डिस्क बदल म्हणाले मैत्रिणी. जॉबरकडं गेलं की चार तास बसवंल म्हणून आमी दुसऱ्याच दुकानात गेलो. तितल्या माणसानं वापरलेल्या दोन डिस्क ठिवल्या पुढं. एक लहान, पण बहात्तरशे फेऱ्यांची. एक हजार जीबीची, चोपन्नशेची. सुरेखा लहान उचलत हुती. मी तिचा हात धरला. तीस वर्षं कांड्या भरल्यात मी. कांडी मोठी असली की सारखी बदलाय लागत न्हाय, माग थांबत न्हाय, कापड जास्त निघतं. मी म्हणले, "मोठी घे गं. मोठी कांडी लावली की काम पळतं." तिनं माजं ऐकलं. त्या माणसानं डिझाईनं ह्या मोठ्या डिस्कवर घातली आन् जुनी डिस्क कोरी करून बदल्यात ठिवून घेतली.

लॅपटॉप हुता त्यापेक्षा हळू झाला. आन् शुक्रवारी सकाळी आतनं टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. सुरेखा भिताडागत पांढरी झाली. बाराच्या बारा डिझाईनं त्यातच, दुसरीकडं कुटं न्हाईत.

आमी जॉबरकडं गेलो तवा तो दुकानाला कुलूप लावत हुता. गाल वांग्याएवढा सुजलेला, डोक्यावरनं हनवटीखाली गमचा बांधलेला. दाढ सडली हुती. दातांच्या डॉक्टरनं सकाळची वेळ दिली हुती, आजच काढायची, न्हायतर ताप चढंल. सुरेखानं लॅपटॉप पुढं धरला. त्यानं कुलूप काढलं.

पेचकस दातात धरला तसं त्याच्या डोळ्यातनं पाणी आलं. बराच वेळ डोळं मिटून बसला. मग म्हणाला, "चाती बरी हाय. हात चुकतोय." म्हंजी चकती नीट फिरती, वाचणारा हात जागा चुकून आपटतोय. आपटायच्या आधी आवाज जरासा बदलतो म्हणाला. तेवढ्यात बंद केली तर चकतीला चरा पडत न्हाय, थंड झाली की परत फिरवायची, परत थोडं उतरवून घ्यायचं. ज्याला तो बदल ऐकू येईल त्यानंच बसायला पायजे.

मी ओठ दिसतील असं म्हणले, "जॉबर, तू आधी दाढ काढून ये. पोरीचं नशीब."

"दाढ उद्या बी निघंल. ही डिस्क उद्या फिरंल का?"

"मामा, दुखतंय लई तुमाला," सुरेखा म्हणली.

"तू लिवून घे, काय काय उतरलं त्ये. बोलू नको, मला तुज्या तोंडाकडं बघाय लागतंय."

डिस्कवर टेबलपंखा लावला, तारेनं दुसरी डिस्क जोडली. तो पेचकस चावून बसायचा. एकदम "आगु!" वरडायचा, त्याच्या तेलुगूत थांब म्हंजी, आन् सुरेखा बटण बंद करायची. डब्बी गार व्हायची, तो गालाला हात लावून बसायचा. मग परत. मधल्या वेळात गप बसवंना त्याला, म्हणून मला बोलला.

"मोठी कुणी घ्यायला लावली?"

"मी."

"तीस वर्षं कांड्या भरल्यास. मोठी कांडी लावली म्हणून माग जोरात पळाला का कधी?"

"थांबायचा कमी."

"थांबायचा कमी. पळायचा तेवढाच." त्यानं गमचा सोडून परत आवळला. "हे कोठार मोठं हाय अक्का, पण आतनं माल आणून देणारा म्हातारा हाय, मिनिटाला चोपन्नशे पावलं. ती दुसरी बहात्तरशे चालती. मोठ्यात माल दाट लावलेला असला तर एका फेऱ्यात जरा जास्त हाताला लागतं, एवढाच काय तो फायदा. त्ये बी नीट असलेल्या डिस्कला. ही आधीच दमलीय."

"मग माजीच चूक."

"तुजीच," म्हणाला आन् पेचकस तोंडात घातला.

शुक्रवार गेला, शनिवार संध्याकाळपर्यंत बसलो. अकरा डिझाईनं उतरली. बाराव्याला हात जो आपटला तो परत जागेवर आलाच न्हाय. त्याला "आगु" म्हणायला उशीर झाला, ग्लानी आली हुती तापानं. तेवढ्यासाठी तो आजपतुर मला दर भेटीला म्हणतोय, "एक गेलं की गं अक्का."

रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सुरेखा चिंचोळीला गेली आन् मी त्याला घिऊन डॉक्टरकडं गेले. दाढ निघाली, पण सूज पार कानापर्यंत गेली हुती. बरेच दिवस पडून हुता. सुरेखाला काम लागलं. अकरातली चार पसंत पडली.

डॉक्टरनं त्याला कवळी करून दिली. पयल्या दिवशी त्यानं कवळीत पेचकस धरला, डिस्क लावली, डोळं मिटलं. मग कवळी काढली, धुतली, डबीत ठिवली. "दिसायला बरी हाय," एवढंच म्हणाला. जेवताना बी लावत न्हाय.

कारखान्यानं सुरेखाला नवा लॅपटॉप दिला. त्यात काय फिरत न्हाय. तिनं हौसेनं त्याला दावला. झाकण उघडतोय तर डिझाईन समोर.

"फिरत न्हाय?"

"न्हाय मामा. आवाजच न्हाय त्याला."

त्यानं त्यावर तळहात ठिवला, बराच वेळ ठिवला. "बरं झालं. ह्याला ऐकायला कुणी लागत न्हाय," म्हणाला आन् लॅपटॉप फडक्यानं पुसून परत दिला.

आता गिऱ्हाईक येत न्हाय. पाटी तशीच हाय. आमची ती हजार जीबीची डिस्क त्यानं मागून घेतली. वाचणारा हात मेलाय, पण चाती चांगली. तार जोडून फिरती करतो आन् मांडीवर दोन्ही हातात धरून बसतो, कोंबडीचं पिल्लू धरल्यागत. हाताला कळतंय म्हणतो. मी भांडी उरकून जाते, जरा बसते शेजारी. मला बी एकदा धरायला दिली. गरम हुती, आन् बोटांत कारखाना सुरू झाल्यागत वाटलं. मी परत दिली. मला सोसंना.

गेल्या आठवड्यापास्नं ती बी मधीच थांबती. तो हलवतो, तार काढून लावतो, परत धरतो.

म्हणून ज्यानं कुणी हे वाचलं असंल त्याला सांगते. तुमच्या घरात जुना लॅपटॉप पडला असंल, आतली डिस्क फिरती असंल, तर भंगारात घालू नका. केवढी हाय ते बघू नका, लहान चालंल. बहात्तरशेची असली तर बरं, चोपन्नशेची असली तरी आणा. गिरणीशेजारी तो बसलेला असतोय. दारातनं हाक मारू नका, त्याला ऐकू येत न्हाय. सरळ हातात द्या.