प्लेटवर नसलेली सनई

"प्लेट झ्याक हाय हो, पण सनई कुठं हाय?"

बारामतीच्या गूळबाजारात माणिकशेठ आडत्यांनी असं विचारलं आणि मी फोनोची चावी देता देता थांबलो. पेढीवर दहा-पंधरा माणसं जमली होती. ढेपांवर बसून सगळ्यांनी बोलपटाची गाणी ऐकली होती, माना डोलावल्या होत्या. आता सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"कुठली सनई, शेठ?"

"वऱ्हाड माघारी जातं तवाची. मांडव रिकामा पडतो, पोरगी खांबाला टेकून उभी ऱ्हाती, आन् सनई वाजती. ती कुठल्या प्लेटीत हाय? ती लावा."

ती कुठल्याच प्लेटीत नव्हती. पेटीतल्या सगळ्या प्लेटा दोन्ही बाजूंनी वाजवून झाल्या होत्या.

मी त्या काळी एका ग्रामोफोन कंपनीचा फिरता एजंट होतो. पुण्याहून दौंड, तिथून छोट्या गाडीने बारामती, पुढे सर्व्हिस मोटारीने धूळ खात इंदापूर. एका पेटीत फोनो, दुसरीत प्लेटा. प्लेट म्हणजे लाखेची काळी तबकडी, हातातून निसटली की तुकडेच उचलायचे. दुकानात नाहीतर बड्या घरी जायचं, वाजवून दाखवायचं, ऑर्डर घ्यायची. या कामाला आम्ही 'ट्रायल' म्हणायचो. फोनो वाजेपर्यंत माझ्याभोवती गाव गोळा व्हायचं. पेटी मिटली की कुणीही नाही. माझं नावसुद्धा कुणी विचारत नसे, मी नुसता 'फोनूवाले'. खाणावळीत भिंतीकडे तोंड करून जेवायचं आणि धर्मशाळेत पथारी टाकायची. नोकरी चांगली होती, पण बोलायला माणूस नव्हतं, हे खरंच सांगतो.

त्या बोलपटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूरच्या एका लहानशा कंपनीनं काढला होता आणि आमच्या भागात तंबूच्या सिनेमानं गावोगाव दाखवला होता. त्याच्या प्लेटांचा संच आमच्या कंपनीकडे होता. मॅनेजर कामतसाहेबांची ऑर्डर होती, "गिऱ्हाइकांची ओपिनियन घेऊन या. काय आवडलं, काय नाही."

ओपिनियनला तोटा नव्हता. इंदापूरचे शाळामास्तर म्हणाले, "प्लेटीवर गाणारी बाई गाडी चुकेल म्हणून घाई करतेय असं वाटतं." त्यांचं बरोबर होतं. प्लेटीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. सिनेमात निवांत चाललेलं गाणं तिथे कोंबून बसवावं लागतं. एकाला तबला कमी ऐकू आला, दुसऱ्याला नायकाचा आवाज पडद्यावर जाड होता तो इथे बारीक वाटला. पण फिरून फिरून सगळे सनईवरच येत. वडगाव निंबाळकरला पाटलीणबाई पदर सावरत दाराआडून म्हणाल्या, "गाण्यात ती रडती, भाऊ. सनईत मला रडाया येतं. तेवढीच आणा, बाकीची नगं."

इंदापुरात एका शिंप्याच्या दुकानात मी ट्रायल देत होतो. सनईचं रडगाणं तिथेही झालंच. शिंपी मशीनवरचा पाय थांबवून म्हणाला, "तुमाला ठावं न्हाय व्हय? ती सनई आमच्या शिवाआबांच्या पोरानं, ज्ञानूनं वाजिवलीया. गेला बिचारा. सिनिमा हितं यायच्या अगुदर आठ दीस गेला."

शिवाआबा महादेवाच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवत. देवळामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको कधीच गेली होती, मुलगी नांदायला लांब दिली होती. मी गेलो तेव्हा दारात बसून सनईची जिभली, फुंकायची पत्ती, घासत होते.

"प्लेट आली का?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला. मी येणार हे गावानं त्यांना आधीच सांगितलं होतं.

"आबा, प्लेटीवर सनई नाही."

त्यांनी जिभली खाली ठेवली. मग उठले, चुलीवर गुळाचा चहा ठेवला.

"आबा, तुम्ही सिनेमात ऐकली असेल की."

"न्हाय. तवा नुकताच गेल्ता त्यो. वरीस सरल्याबिगर तमाशात बसायचं न्हाय. देवाची सेवा सुटत न्हाय, ती करतो. पर लग्नाची सुपारी घ्यायची न्हाय, तंबूत जायचं न्हाय. लोक काय म्हनतील त्ये सोडा, माझ्याच मनाला बरं वाटायचं न्हाय. घरात प्लेट वाजली आसती तर चाललं आसतं. आपल्याच लेकाचं हाय त्ये, त्यात कसला तमाशा?"

चहा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "म्या शिकिवलं त्याला. पर शिकिवताना मानूस ऐकत न्हाय, नुसत्या चुका काढतो. मग त्यो कोल्लापूरला गेला. माघारी आला तवा छातीत दमच ऱ्हायला न्हवता, सनई तोंडाला लावली न्हाय. तवा त्यानं लोकांपुढं काय वाजिवलं त्ये म्या येकदा बी ऐकल्यालं न्हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदाच पेटी न उघडता एखाद्या घरात तासभर बसलो. निघताना आबांनी माझं नाव विचारलं.

पुढच्या फेरीला कामतसाहेब स्वतः बारामतीला आले. मी ओपिनियनचा पाढा वाचला. ते पान चघळत ऐकत होते.

"सनई, सनई! अहो, सनई काय सिनेमातून चिमट्यानं उचलायची? तुम्ही एजंट असून असं विचारता?"

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. बोलपटाच्या गाण्याची प्लेट ही त्या पडद्यावरच्या आवाजाची नक्कल नसे. गाणारी माणसं आमच्या स्टुडिओत यायची आणि प्लेटीसाठी तेच गाणं पुन्हा म्हणायची. मधलं, बिनशब्दांचं वाजवणं कुणी दुसऱ्यांदा वाजवत बसत नसे. ते सिनेमात असायचं, तेवढंच.

"मग वाजवणाऱ्याला बोलवा," असं साहेब पुढे म्हणाले.

"तो वारला, साहेब."

त्यांनी पान चघळायचं थांबवलं. माणूस वाईट नव्हता. "अरेरे. मग दुसरा वाजवणारा बसवू. लेबलवर सिनेमाचं नाव टाकू, हातोहात जाईल."

"त्याच्या बापाला त्याचीच ऐकायची आहे."

"मग बापाला तंबूत न्या. पुन्हा येईलच की सिनेमा. मी काय करू?"

दुसऱ्या वाजवणाऱ्याची गोष्ट मी आबांना सांगितली. ते म्हणाले, "दुसऱ्याची कशाला? तशी तर मी बी वाजवीन." आणि विषय सोडला. वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता. तोवर थांबायचं त्यांनी ठरवलं. इंदापूरला गेलो की मी त्यांच्याकडेच उतरू लागलो.

मधल्या काळात सिनेमा आमच्या भागात पुन्हा फिरू लागला. बारामतीला मी मुद्दाम पहिल्या खेळाला गेलो. तंबू खच्चून भरला होता. गाण्यांना लोक गप्पा मारत होते, तपकीर ओढत होते. ती तर आता घरोघरी वाजत होती. पण वऱ्हाड मागं फिरलं, सनई सुरू झाली आणि तंबू चिडीचूप झाला. मीही ती तेव्हाच नीट ऐकली. चिठ्ठ्या, निरोप, भांडण, जे काही नवरा-नवरीच्या घरांत झालं होतं ते सगळं विसरून फक्त तो रिकामा मांडव उरला. सनई थांबली तशी आरोळी उठली, "वन्समोअर!"

तंबूच्या सिनेमात वन्समोअर म्हणजे गंमत नसे, हक्क असे. लोक ओरडले की ऑपरेटरनं मशीन थांबवायचं, रीळ हातानं मागं फिरवायचं आणि तेवढा भाग पुन्हा दाखवायचा. नाही दाखवला तर खुर्च्या मोडायच्या. ऑपरेटर इस्माईलभाई घामानं निथळत होते. मला म्हणाले, "काय सांगू! कळंबला, वडगावला, सगळीकडे हेच. प्लेट निघाली नाही ना, म्हणून लोक सनईसाठी रोज येतात. मालक खूश आहे."

मीही खूश झालो. आबांच्या मुलाची सनई माणसं पुन्हा पुन्हा मागत होती. इंदापूरला गेल्यावर मी हे रंगवून सांगितलं. आबा हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत तंबू इंदापूरला लागला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवा पटका बांधला. दिवेलागणीला आम्ही दोघं गेलो. गावानं वाट करून दिली, इस्माईलभाईंनी मशीनजवळच बाकडं टाकलं. आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. गाणी आली, गेली. त्यांचं लक्ष नव्हतं.

वऱ्हाड आलं. बाचाबाची झाली. बैल वळले. पडद्यावर मांडव दिसला आणि सनई सुरू झाली. आबा किंचित पुढे झुकले. दोन फुंका वाजल्या असतील नसतील, चित्र खाडकन उडालं. मांडव गेला, पोरगी गेली, सनई गेली. नायकाचा मामा सुपारी कातरत काहीतरी बोलत होता.

"सनई कुठं गेली?" मी इस्माईलभाईंचा हात धरला.

ते माझ्याकडे बघेनात. "साहेब, फिल्म तुटते. वन्समोअरला घाईघाईत मागं फिरवायची, मशीन तापलेलं. जिथं तुटते तिथली दोन्ही टोकं कापून चिकटवावी लागतात. आवाज त्याच पट्टीच्या कडेला असतो, तोही कापला जातो. रोज तीच जागा, रोज तीच जागा. थोडी थोडी करत गेली."

"कापलेले तुकडे?"

"काळे पडलेले, चिरलेले. टाकले."

"दुसरी प्रिंट?"

"कोल्हापूरची कंपनी बंद झाली. आमच्या मालकालाही त्यांचा पत्ता ठाऊक नाही."

आबांनी हे सगळं ऐकलं होतं. तोवर तंबूत कल्लोळ उठला. गावाला आपल्या ज्ञानूची सनई हवी होती, आणि आज तर त्याचा बाप आला होता. पुढची माणसं मागं वळून ओरडू लागली, "आबांसाठी! वन्समोअर! वन्समोअर!" मालकानं दारातून हात हलवून खूण केली. इस्माईलभाईंनी मशीन थांबवलं आणि रिळाला हात घातला.

"आबा, आहे तेवढं पुन्हा लावतो."

आबा उठले. त्यांनी इस्माईलभाईंचं मनगट धरलं.

"नगं," ते म्हणाले. "लावू नगा. येवढी तरी ऱ्हाऊ द्या."

इस्माईलभाईंनी मालकाकडे बघितलं, मग आबांकडे. "रीळ अडकलंय," असं त्यांनी मोठ्यांदा सांगितलं आणि सिनेमा पुढे सुरू केला. लोकांनी शिव्या घातल्या, पुढच्या दोन खुर्च्या मोडल्या. आबा आणि मी बाहेर आलो.

वाटेत मी धीर करून विचारलं, "आबा, त्याचीच होती ना?"

"व्हय. त्याचीच." पुढच्या वळणावर म्हणाले, "चूक न्हवती काय बी."

घराशी आल्यावर त्यांनी कडी काढली, मला आत घेतलं आणि दोघांसाठी पिठलं टाकलं. आम्ही जेवलो, पण बोललो नाही. बोलायला माणूस मिळूनही कधी कधी काही बोलता येत नाही, हे मला त्या रात्री कळलं.

तंबू दोन दिवसांनी उठून टेंभुर्णीकडे गेला. इस्माईलभाई तिथेही 'रीळ अडकलंय' म्हणाले का, मला ठाऊक नाही. प्रत्येक गावात ते किती खुर्च्या मोडू देणार? टेंभुर्णीच्या लोकांनाही ती सनई आवडणारच होती.

पुढे मी या धंद्यात म्हातारा झालो. कुणालाही न आवडलेल्या प्लेटा आमच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून असत. पुसून लावल्या की आजही नव्यासारख्या वाजतात.