श्यामलाबाईंच्या बरणीतली साखर

श्यामलाबाईंच्या पायाला भिंगरी. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात सव्वीस वर्षं गेली, रिटायर झाल्या, तरी बाई बूड टेकतील तर शपथ! दर बुधवारी आमच्या हाउन्सलोच्या कम्युनिटी सेंटरमध्ये हजर. ज्यांचं भागत नाही अशा कुटुंबांना आम्ही तिथे शिध्याच्या पिशव्या देतो. बाई पिशव्या भरतात, मी टेबलाशी बसून फॉर्म भरते. आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचं, "फॉर्म नाही तर पिशवी नाही," आणि त्यांनी म्हणायचं, "नीना, तुझ्या फॉर्मला फोडणी देऊन खायचं का लोकांनी?"

२००९चा नोव्हेंबर. त्या बुधवारी बाईंनी आल्या आल्या स्टीलचा डबा माझ्या टेबलावर आपटला.

"उघड."

उघडला. रिकामा, लख्ख घासलेला.

"मग?"

"मग काय! देवयानीने परत दिलाय."

देवयानी त्यांच्या शेजारची. नवरा परीक्षित पुण्याहून वर्क परमिटवर आलेला. ऑगस्टमध्ये नोकरी गेली, आता ब्रिस्टलला मित्राकडे राहून इंटरव्ह्यू देत होता. घरी ही आणि तीन वर्षांची दिया. बाई कधी उसळ द्यायच्या, कधी भाजी, आणि रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून देवयानी त्यात चमचा-दोन चमचे साखर घालायची. दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

"विसरली असेल हो," मी म्हटलं.

"ती? अगं, चमचाभर साखर नाहीये तिच्या घरात!" टेबल ते दार, दार ते टेबल, बाईंच्या फेऱ्या सुरू. "लेकरू काय खातंय देव जाणे. विचारलं की 'सगळं छान आहे, काकू.' सेंटरला ये म्हटलं, तर म्हणे जाऊन आले, आम्हाला काही मिळत नाही. कुठल्या शहाण्याने सांगितलं हिला?"

ती शहाणी मीच. सप्टेंबरमध्ये एक मुलगी पोर कडेवर घेऊन आली होती. मोठी रांग, माझं डोकं तापलेलं. तिच्या व्हिसावर सरकारी मदत नाही असं लिहिलेलं दिसलं आणि मी म्हटलं, "मग तुम्हाला इथे काही नाही." अहो, पण आमच्या पिशव्या सरकारच्या कुठे होत्या? चर्चमधल्या, गुरुद्वाऱ्यातल्या लोकांनी दिलेला शिधा तो. त्याला व्हिसा आड येतच नव्हता.

मी सांगून टाकलं. वाटलं, बाई आता सालटी काढणार. त्यांनी टेबलावरचा डबा उचलला.

"कोट घाल," म्हणाल्या.

"पिशवी घेऊ?"

"नको. पिशवी बघून दार लावून घेईल ती."

वाटेत बाई स्वतःच्या घरात शिरल्या आणि हॉर्लिक्सची जुनी बरणी काखेत मारून बाहेर आल्या.

देवयानीने दार उघडलं. घरात हीटिंग बंद, मायलेकी कोट घालून बसलेल्या. मी माफी मागितली, चूक माझी होती म्हणाले, पिशवीचा व्हिसाशी काही संबंध नाही हे दोनदा सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको. आमचं छान चाललंय."

बाईंनी बरणी तिच्या हातात ठेवली. "ही घे. तुझीच आहे."

"माझी?"

"मला डायबेटिस. तुझी साखर खाऊ कशी आणि टाकू कशी? दोन वर्षं साठवलीय."

देवयानी बरणी छातीशी धरून हमसाहमशी रडली. मलाही राहवेना. मग डोळे पुसून ती उठली.

"काकू, चहा टाकते. दूध मात्र संपलंय. परवाच संपलं."

कोरा चहा आला, कपात मोजून दोन-दोन चमचे साखर. मी बाईंकडे पाहिलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेणारी, बिस्किटाकडेही न बघणारी ही बाई शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायली.

"मस्त झालाय गं."

देवयानीने दियाचे बूट शोधून आणले. "किती वाजेपर्यंत उघडं असतं तुमचं सेंटर?" तिने मला विचारलं.

"चल, चल," बाई केव्हाच दारात. "चारला ही बया कुलूप लावते."

त्या दिवशी मी आधी पिशवी दिली. फॉर्म मागाहून भरला.