घड्याळजींनी बसवलेलं नेटवर्क कार्ड

घड्याळजींची बायको जन्मापासून बहिरी. तिची थोरली बहीणही तशीच. दोघी हातांनी बोलतात, त्यामुळे नुसत्या आवाजाच्या फोनचा त्यांना काडीचा उपयोग नाही. ताई दूरच्या गावी राहते. रोज दुपारी चारला दोघी आपापल्या पडद्यासमोर बसायच्या आणि तासभर त्यांचे हात चालायचे. घड्याळजींचा फोन साधा बटणांचा, म्हणून इकडची सगळी भिस्त जुन्या लॅपटॉपवर.

एके दिवशी त्याचं वायफाय गेलं. घड्याळजींनी ताईला मेसेज केला, ‘लॅपटॉप बिघडलाय. काळजी नको.’ तिचं उत्तर आलं, ‘तिची तब्येत बरी आहे ना? खरं सांगा.’

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडून पाहिला. “आतला भाग गेलाय, काका. नवाच घ्या.”

“तिचा हात याच्यावर बसलाय. दुसरा काही इलाज?”

त्याने खण धुंडाळून एक जुनं, चपटं वायफायचं कार्ड आणि त्याची सीडी काढली. “हे बाजूच्या खाचेत बसतं. बसवून देऊ?”

“मी बसवीन.”

चाळीस वर्षं सेकंदकाटे बसवले, एवढ्याशा कामाला दुसऱ्याचे हात कशाला, ही त्यांची जुनी खोड.

घरी कार्ड आत जाईचना. जोर लावणं त्यांच्या धंद्यात पाप. डोळ्याला भिंग लावून त्यांनी खाचेत पाहिलं, तर आत प्लास्टिकची पट्टी. धूळ जाऊ नये म्हणून ती पहिल्यापासूनच तिथे होती आणि इतक्या वर्षांत कुणी काढलीच नव्हती. बाजूचं बटण दाबलं, पट्टी बाहेर आली, कार्ड बसलं. सीडी घातली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. पडद्यावर शेजाऱ्यांची तीन नेटवर्कं दिसली. त्यांचं स्वतःचं मात्र दिसेना.

इंटरनेट कंपनीच्या मुलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. “सर, तुमचा राउटर फक्त नव्या बँडवर, म्हणजे वेगळ्या लहरींवर चालतोय. जुन्या कार्डाला तो बँड पकडता येत नाही. मी इथून जुना बँड सुरू करते. दोन मिनिटं थांबा.”

दोन मिनिटांनी नाव दिसलं. पासवर्ड घातला, नेट जोडलं गेलं आणि लगेच तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. असं संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आता मात्र घड्याळजींचा धीर सुटत चालला. कधी नव्हे ते त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

बायको शेजारी बसून पडद्याकडे नव्हे, कार्डाकडे बघत होती. तिने त्यांचं मनगट धरलं. त्यांचा डावा हात लॅपटॉपच्या कडेवर ठेवला, दिवा गेला. उचलला, दिवा आला. मग पुन्हा तसंच करून दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

खाच ढिली झाली होती. हात टेकला की कार्ड हलायचं.

ढिल्या यंत्राला पातळ टेकू द्यायचा, हे तर ते दुकानात घड्याळांना रोजच करत. त्यांनी कागदाची बारीक घडी केली आणि चिमट्याने कार्डाखाली सरकवली. हात टेकवून पाहिला, दाबून पाहिला. दिवा गेला नाही.

ताईला मेसेज गेला आणि चारला ती पडद्यावर आली. आधी बहिणीला नीट न्याहाळलं, मग स्वतःच्या गालांवर दोन बोटं दाबली. बारीक झालीस. एवढं घड्याळजींनाही कळलं. पुढे हात इतके भराभर चालले, की त्यांनी नाद सोडला आणि चहा ठेवला.

कप घेऊन आले तेव्हा ताई विचारत होती, दुरुस्त कुणी केलं?

बायकोने स्वतःकडे बोट दाखवलं. जरा वेळाने, हसत, त्यांच्याकडेही दाखवलं. घड्याळजींनी कप ठेवला, चप्पल घातली आणि ते दुकान उघडायला गेले. दीड दिवस ते बंदच होतं.