मिशीचं गाऱ्हाणं

हसून घ्या, हसून घ्या! नाकाखालची ही रिकामी जागा बघून गेले तीन आठवडे अख्खं घाटकोपर हसतंय, तुम्हीच कशाला मागे राहता? पण चहा गार व्हायच्या आत ऐका, कारण असा गाढवपणा मी जन्मात एकदाच केलाय. म्हणजे, आजवर तरी.

आधी माझा धंदा सांगतो. मी नंदू धुरी, आवाजाचा माणूस. वीस वर्षं अंधेरीतल्या काचेच्या खोल्यांमध्ये उभा राहून आवाज विकतोय. मुलांच्या कार्टूनमधला तो चिडका उंट? मीच. खोकल्याच्या औषधाची ती जाहिरात? त्यात बोलणारा दुसराच कुणीतरी देखणा माणूस आहे, खोकला माझा.

या धंद्यात सगळं आहे, फक्त टाळी नाही. तुम्ही जीव ओतून रडा, नाहीतर उंट होऊन नाचा; काचेपलीकडचा पोरगा मोबाइलवरून मान वर न करता एवढंच म्हणणार, "छान. सेफ्टीसाठी अजून एक घेऊ." वीस वर्षं हेच! माणूस आतून वाळतो हो.

आणि शेहेचाळीसाव्या वर्षी मला चेहऱ्याचं काम मिळालं! सिरीयलमधला मंगल कार्यालयाचा मॅनेजर. तोऱ्यात मिशी पिळतो आणि वधूपित्यांना घाबरवतो. ऑडिशनला माझी मिशी बघूनच डिरेक्टर ऋचा मॅडम म्हणाल्या, "हाच!" करारात स्पष्ट लिहिलेलं, केस आणि मिशी यांत परवानगीशिवाय काहीही बदल करायचा नाही. मी तो कागद घरी आणून देवासमोर ठेवला होता.

आता आमची बिल्डिंग. भटवाडीत, सात मजली, निम्मे लोक मालवणकडचे. लिफ्ट चार महिने बंद. दुरुस्ती कधीच झाली होती, पण तपासणीचं पत्र येईना. पत्र नाही तर लिफ्ट नाही. आम्ही सातव्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे म्हणजे काय सांगू! चार महिन्यांत ती एकदाच खाली उतरली, दात काढायला. तीसुद्धा खुर्चीत बसून, दोघांच्या खांद्यावरून. गॅलरीत बसून खालच्या बाकावरच्या बायकांशी ती वरून ओरडून गप्पा मारायची. मला ते बघवायचं नाही.

तर, सोसायटीच्या सत्यनारायणाचा दिवस. दरवर्षी गाऱ्हाणं घालतात आमचे आप्पा राणे. गाऱ्हाणं म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवाशी थेट बोलणं. एक जण खणखणीत आवाजात देवाकडे मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एकसुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पण आदल्या दिवशी भजनात ओरडून ओरडून आप्पांचा घसा बसलेला. मी शूटिंगवरून पोचतो न पोचतो, तोच सेक्रेटरी सावंतांनी माझ्या हातात माईक दिला.

"धुरी, आवाजाचा माणूस तू. घाल गाऱ्हाणं."

"अहो, मी कधी घातलं नाही..."

"देवासमोर काय रिटेक होत नाय. घाल!"

मी डोळे मिटले. "हे देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

अहो, दीडशे माणसांचा आवाज! माझ्या अंगावर काटाच आला. वीस वर्षं "अजून एक घेऊ" ऐकलेल्या कानांवर हे असं काही पडलं की काय होत असेल, सांगा बरं?

"आमची लिफ्ट चार महिने बंद आसा म्हाराजा! म्हातारी माणसां वर अडकली हत! ती लिफ्ट सुरू होऊ दे, तुका पाच नारळ देतंय!"

"व्हय म्हाराजा!" जोर वाढला. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"पाच किलो पेढे देतंय!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" लोक चक्क हसत होते, टाळ्या पिटत होते. मी मनात म्हटलं, नंद्या, पब्लिक हातात आहे. सोडू नकोस!

आणि स्पीकर फाटेल अशा आवाजात मी बोलून गेलो, "देवा म्हाराजा! ही माझी मिशी, जिच्यावर माझा पोट आसा, लिफ्ट सुरू झाली तर ही मिशी तुझ्या नावान उतरवतंय!"

"व्हऽऽय म्हाराजाऽऽ!"

इतका प्रचंड प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. बायकोकडे, सुलूकडे पाहिलं, तर तीसुद्धा पदराने डोळे पुसत होती.

आरती झाली. सावंतांनी माईक घेतला आणि म्हणाले, "आता सगळ्यांनी लिफ्टपाशी या." मी गेलो. बघतो तर काय? लिफ्टच्या दाराला लाल रिबीन! आप्पांनी नारळ फोडला, सावंतांनी बटण दाबलं आणि लिफ्ट चालू!

घड्याळ बघितलं. गाऱ्हाणं संपून अकरा मिनिटं झाली होती.

अकरा मिनिटांत नवस पावलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी सुलूचा हात धरून म्हटलं, "सुलू, देवाने ऐकलं गं!"

"हो रे," ती म्हणाली. "थांब, आईंना घेऊन येते."

लिफ्ट वर गेली, खाली आली, दार उघडलं. आत आई. हिरवी साडी, अंबाड्यावर गजरा. चार महिन्यांनी तिचे पाय जमिनीला लागले. तिने आधी त्या फरशीला हात लावून नमस्कार केला, आणि मला भरून आलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"झिला, वर सगळा ऐकाक येय होता स्पीकरवरना. मिशी कधी काढतंस?"

धाडकन जमिनीवर आलो! आत्ता लक्षात आलं, मी काय बोलून बसलोय. मिशी गेली की करार मोडला, करार मोडला की मॅनेजर गेला, म्हणजे पुन्हा उंट!

"आये, शूटिंग संपला काय काढतंय. वर्षभराचा तर प्रश्न आसा."

"देवान तुका वर्षभर थांबवल्यान?"

"अर्धीच काढू?"

आईने नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सलूनमध्ये बसलो. सुलूने निघताना विचारलं होतं, "खरंच काढणार आहेस? कशाला रे?" मी म्हटलं, "देवाला शब्द दिलाय." ती पार्ल्याची, सहसा हळवी होत नाही, पण गहिवरली. "आईंसाठी किती करतोस तू!" मला वाटलं, बायको अखेर मला ओळखायला लागली.

सलूनवाल्याने तीनदा विचारलं, "साहेब, पक्कं?" तिसऱ्यांदा मी डोळे मिटून हो म्हटलं. उघडले तेव्हा आरशात माझ्याकडे एक उकडलेला बटाटा बघत होता.

सेटवर सर्दीचं निमित्त काढून मास्क लावून गेलो. मेकअप करणाऱ्या बबनदादांनी मास्क खाली केला आणि मटकन खुर्चीत बसले.

"अण्णा, काय केलंत हे!"

"दादा, वाचवा. देवाचं काम होतं."

त्यांनी हुबेहूब मिशी चिकटवली. पहिला शॉट. मी ऐटीत आत आलो, वधूपित्याकडे रोखून पाहिलं, सवयीने मिशीला पीळ दिला, आणि उजवी बाजू हातात! वधूपित्याचं काम करणारे गृहस्थ हसता हसता सोफ्यावरून खाली घसरले.

ऋचा मॅडम उठून आल्या. पोरगी माझ्या पुतणीच्या वयाची, पण माझी बोबडी वळली. मी सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, आई, नवस, सगळं.

त्यांनी मॉनिटरवर तो शॉट पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाल्या, "काका, चिकटवलेलीच चालू दे. फक्त तिला हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?"

"अ‍ॅक्टिंग करा ना! इतके दिवस ती मिशीच करत होती."

लागलं मनाला, पण काम वाचलं! खरं सांगतो, पीळ बंद झाल्यापासून माझी कामं बरी होतायत. बबनदादासुद्धा म्हणतात, आणि ते उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत.

इथे संपलं असतं तर मी कॉलर ताठ करून फिरलो असतो. पण परवा संध्याकाळी मी गेटपाशी सावंतांबरोबर उभा होतो. पलीकडे बाकावर आई, आता रोज उतरते, शेजारणींना पन्नासाव्यांदा सांगत होती, "माझ्या झिलान मिशी दिल्यान, म्हणान मी खाली इलंय."

सावंत कौतुकाने म्हणाले, "मानलं हां धुरी तुला. पत्र आलेलं माहीत असून काय अ‍ॅक्टिंग केलीस! आम्ही सगळे हसून मेलो. आणि वर आईसाठी खरोखर मिशी काढलीस."

"कुठलं पत्र?"

"तपासणीचं रे. सत्यनारायणाच्या सकाळीच आलं ना? ग्रुपवर टाकलेलं मी."

"मी कुठे वाचलं?"

"काय बोलतोस? हे बघ." त्यांनी मोबाइल समोर धरला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. 'लिफ्टची परवानगी आली. आरतीनंतर उद्घाटन. वयस्कर मंडळींना सांगू नये, सरप्राइज आहे.' खाली अंगठेच अंगठे. राण्यांचा, परबांचा, सुलूचा.

आणि सगळ्यात पहिला अंगठा माझा!

आठवलं. रोज सकाळी मेकअपच्या खुर्चीत बसून मी सोसायटीच्या ग्रुपवर न वाचता अंगठे देत सुटतो. संबंध चांगले राहतात. म्हणजे त्या दीडशे माणसांना वाटलं, नंदूला सगळं ठाऊक आहे, मुद्दाम गंमत करतोय. माझ्या कलेला मिळालेला तो आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रतिसाद मी न वाचलेल्या मेसेजला होता. आधीच आलेल्या पत्रासाठी मी मिशी दिली होती!

"काय रे, काय झाला? तोंड कित्याक असा केलंस?" आईने बाकावरून विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. गजरा माळून, चार बायकांत ती मजेत बसलेली. सावंत तोंड उघडणार, तोच मी त्यांचा पाय दाबला.

"काय नाय गो आये. असाच."

"बरा. मगे पुढल्या वर्षाक नळाच्या पाण्याचा गाऱ्हाणा तूच घाल. आप्पाक सांगलंय मी." तिने माझ्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं. "केस आसत अजून."

सावंतांनी मोबाइल खिशात टाकला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"