पाचशेवा चेंडू

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. घाला, मीही घालते. पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या सख्ख्या काकांची आहे. शरदचंद्रकाका.

काका १९६८ साली साताऱ्याहून मॉन्ट्रियलला आले, विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून. फ्रेंच शिकले, फ्रेंचमधून भांडायलाही शिकले. तिथे क्रिकेट कुठलं मिळायला? मग बेसबॉल बघायला लागले आणि उमाकाकूलाही ते वेड लावलं. काकू आधी स्टेडियममध्ये विणकाम घेऊन बसायची. दोन-तीन वर्षांत विणकाम राहिलं घरी आणि पंचाचा मराठीतून उद्धार सुरू झाला. मूलबाळ नव्हतं. दोघांचं जग म्हणजे ते स्टेडियम.

१९८९ साली सालिनास नावाचा नवखा पोरगा मॉन्ट्रियलच्या टीममध्ये आला. त्याचा पहिला होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा थेट प्रेक्षकांत मारलेला फटका, या दोघांनी डोळ्यांनी पाहिला. काकू तिथल्या तिथे उभी राहून म्हणाली, "अहो, सांगून ठेवते, हा मुलगा पाचशे मारणार!" काका हसले. पाचशे म्हणजे काय खायचं काम आहे? शंभर वर्षांत मूठभर लोकांना जमलेलं.

पुढे सालिनास दुसऱ्या टीमकडे गेला. २००३ मध्ये काकू गेली. २००४ संपता संपता टीमच मॉन्ट्रियल सोडून गेली. काका टोरांटोजवळ ओकव्हिलला आमच्या जवळ कॉन्डो घेऊन राहायला आले, पण सालिनासचा आकडा काही त्यांनी सोडला नाही. भर स्वयंपाकाच्या वेळी फोन यायचा, "नीलिमा, चारशे अठ्ठ्याऐंशी झाले गं!" मी पोळी लाटता लाटता "अगंबाई, हो का!" म्हणायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण माणूस खूश आहे एवढं कळायचं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये सालिनास चारशे नव्याण्णववर होता आणि त्याची टीम टोरांटोत खेळायला आली. मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शनिवारची तीन तिकिटं काढली. श्रेय द्यायलाच हवं. टोरांटोला जाणाऱ्या गो ट्रेनमध्ये काकांनी आम्हाला रिवाज समजावून सांगितला. असा मोठ्या आकड्याचा चेंडू ज्याच्या हाती येतो, त्याला स्टेडियमची माणसं खाली नेतात. तो चेंडू खेळाडूच्या हातात द्यायचा, दोन शब्द बोलायचे, बदल्यात तो सही केलेली बॅट वगैरे देतो.

"मला काही नको," काका म्हणाले. "बॅट नको, सही नको. त्याला एवढंच सांगायचंय, की माझी बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, तू पाचशे मारणार. बस्स."

"सांगू हो काका," मिलिंद म्हणाला.

आणि बघा, तसंच झालं की! सहाव्या डावात सालिनासनं मारला तो आमच्याच बाजूला आला. पुढच्या खुर्चीवर आपटून उसळला आणि बाहत्तर वर्षांच्या काकांनी दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरला. करंगळी टम्म सुजली. काका रडत होते, हसत होते, आजूबाजूचे अनोळखी लोक त्यांची पाठ थोपटत होते. मीसुद्धा रडले. का, ते माझं मला माहीत नाही.

पाच मिनिटांत स्टेडियमची एक बाई आली. फार गोड बोलली. "सर, तुम्हाला खाली येऊन त्याला चेंडू द्यायला आवडेल का?"

काका म्हणाले, "नो नो, इट्स ओके."

आता मला सांगा, आपल्यात पहिल्या बोलावण्याला कुणी लगेच हो म्हणतं? चहा घेणार का विचारलं की आधी 'नको, आत्ताच झाला' म्हणायचं. समोरच्यानं पुन्हा आग्रह करायचा, मग 'बरं, अर्धा कप'. चाळीस वर्षं कॅनडात काढली तरी माणसाला भरून आलं की तो घरच्याच रीतीनं बोलतो. तोंडानं 'नो नो' म्हणत काका शर्ट खोचत होते. अर्धे उभेही राहिले होते.

त्या बाईला बिचारीला काय कळणार? तिनं "नो प्रॉब्लेम" म्हणून आमच्याकडे पाहिलं.

आणि मिलिंद उठला. "आय विल गो. आय ॲम हिज नेफ्यू." काकांकडे वळून म्हणाला, "द्या काका. तुम्हाला कशाला एवढे जिने?"

मला वाटलं, आता म्हणेल, 'काका, चला हो, असं काय करता?' नाही म्हणाला. काकांनी चेंडू दिला. भिडेखातर दिला. ज्या माणसानं २००१ मध्ये, फ्रेंच येत नाही म्हणून कुणी नोकरी देत नव्हतं तेव्हा, याला आठ महिने आपल्या बेसमेंटमध्ये ठेवून जेवू घातलं, त्याच्या हातातून यानं तो काढून घेतला.

थोड्या वेळानं मोठ्या स्क्रीनवर मिलिंद दिसला. शेजारी सालिनास. मिलिंद दोन्ही हात पोटाशी नेऊन चेंडू कसा पकडला ते दाखवत होता. काका स्क्रीनकडे बघत राहिले आणि सुजलेली करंगळी चोळत राहिले.

सही केलेली बॅट नाचवत स्वारी परत आली. "काका, ही तुमची!"

काकांनी बॅटकडे पाहिलंसुद्धा नाही. "उमाचं सांगितलंस?"

"अहो, वेळ कुठे होता? कॅमेरे, गर्दी..."

"मग काय बोललास?"

"असंच. म्हटलं, मी लहानपणापासून फॅन आहे."

साताऱ्यात लहानपणापासून बेसबॉल! कप्पाळ माझं! मला इतका संताप आला की ती बॅट त्याच्याच पाठीत घालावीशी वाटली.

परतीच्या गाडीत काकांनी बॅटला हातही लावला नाही. शेवटी मिलिंदलाच ते सहन होईना. "काका, आता माझ्यावर का रागावता? ती तुम्हालाच विचारत होती. तुम्हीच नको म्हणालात."

"हो ना," मी फणकारले, "आणि तुला कळलं नाही त्याचा अर्थ काय तो!"

काकांनी हात वर करून मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"त्या बाईला कळलं नाही, तिचा काही दोष नाही. ती इथली आहे." मग आधी मिलिंदकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हा दोघांना कळलं होतं. तो उठला आणि तू बसून राहिलीस."